भूतानचा झेंडा कोणी लावत नाही

ऑपरेशन सिंदूरनंतर आमच्या घोडबंदर रोडवर जे फ्लेक्स लागले, त्यातल्या एकावर माझा आक्षेप होता आणि आहे. मध्ये तिरंगा, एका बाजूला रशियाचा झेंडा, दुसऱ्या बाजूला इस्रायलचा, आणि तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावरच ठळक अक्षरांत 'संकटातले सख्खे मित्र'. खाली इच्छुकांचे हसरे फोटो. (महापालिकेची निवडणूक तेव्हा रखडलेली, चेहरा विसरायला नको!) ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्यावर कसलीही अक्षरं लिहायची नसतात, ते एक झालंच. पण मला बोलायचंय ते या सख्ख्या मित्रांबद्दल.

१९६२ च्या नोव्हेंबरात चिनी फौजा खाली उतरत होत्या, तेव्हा अमेरिकेची मालवाहू विमानं आपल्यासाठी शस्त्रं घेऊन कोलकात्याला आली. त्या काळी फ्लेक्स असते तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी नाक्यानाक्यावर दिसले असते. नऊच वर्षांनी, बांगलादेशच्या युद्धात, त्याच अमेरिकेनं 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली, आपल्याला धाक दाखवायला.

रशियानं ७१ ला साथ दिली, हे खरंच. ९ ऑगस्टचा मैत्री करार, मग सुरक्षा परिषदेत व्हेटोमागून व्हेटो. पण त्याच वर्षी जुलैत अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप चीनला जाऊन आले होते. अमेरिका आणि चीन जवळ येताहेत म्हटल्यावर मॉस्कोला दिल्ली हवी होती आणि दिल्लीला मॉस्को. दोघांची गरज एका वेळी जुळली. आणि डिसेंबरात लढाई लांबू नये अशी घाई मॉस्कोलाही होतीच.

७ डिसेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव आला. बाजूने १०४, विरोधात ११. अलिप्ततावादाच्या परिषदांमध्ये आपल्या गळ्यात गळे घालणारे बहुतेक सगळे त्या १०४ मध्ये. अकरांत आपण, सोव्हिएत गोट, क्युबा, मंगोलिया आणि भूतान. भूतानला तर संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व मिळून तीन महिनेही झाले नव्हते. एवढ्याशा देशानं जवळजवळ सगळ्या जगाच्या विरोधात आपल्यासाठी हात वर केला. त्याचा झेंडा मला ठाण्यात एकाही फ्लेक्सवर दिसलेला नाही.

आता सफरचंदं. पाकिस्तानला साथ दिली म्हणून तुर्कस्तानवर बहिष्काराची लाट आली तेव्हा नौपाड्यातला फळवाला मला म्हणाला, "काका, तुर्कीचं नाही, इराणचं आहे. बिनधास्त घ्या." घेतलं, गोड निघालं. पण ६५ ला आणि ७१ ला इराणचा शहा पाकिस्तानच्या बाजूने होता. इराण, तुर्कस्तान आणि पाकिस्तान तिघेही 'सेंटो' या एकाच लष्करी करारात. पुढे त्याच इराणात चाबहार बंदरासाठी आपण पैसे घातले. फळवाल्याला यातलं काही सांगितलं नाही, मागे रांग होती.

आणि ऑपरेशन सिंदूरच्या मे महिन्यात जिच्या नावानं सगळ्यांचे स्टेटस भरले होते ती एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा? ती तुर्कस्तानकडेही आहे. विकली रशियानंच. नाटोत असून रशियाचा माल घेतला म्हणून अमेरिकेनं तुर्कस्तानला एफ-३५ या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढलं, वर निर्बंध लादले. यातला कोण कोणाचा सख्खा, हे ज्याला फ्लेक्सवर मांडता येईल त्याला छपाईचे पैसे मी देतो.

तुर्कस्तानचं सफरचंद मात्र मीही घेत नाही. २०२३ च्या भूकंपात आपल्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) जवानांनी तिथे ढिगारे उपसले, आणि दोनच वर्षांनी पाकिस्ताननं सोडलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचं आपल्या लष्करानं सांगितलं. राग येणारच. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात जीव गेलेल्या २६ जणांत तिघे डोंबिवलीचे, आपल्याच जिल्ह्यातले. हा राग मी बाजारात पिशवी घेऊन काढू शकतो, त्यानं कोणाचं काही अडत नाही. दिल्लीला ती चैन परवडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं रशियन तेलाचं कारण काढून आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा टीव्हीवर भरपूर आरडाओरडा झाला. सरकारनं मात्र ना अमेरिकेशी बोलणी कायमची तोडली, ना रशियाचं तेल तडकाफडकी बंद केलं. या सरकारच्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, ही पटली.