रिचर्ड वॉरनच्या वंशवृक्षाविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॅसॅच्युसेट्सहून आपण आमच्या कामाविषयी लिहिलेला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. आपल्या अमेरिकन सासूबाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष आपण आमच्याकडून करून घेतला होता. आपली तक्रार अशी आहे, की पूर्ण शुल्क घेऊनही आम्ही सर्वांत वरच्या चौकटीत, म्हणजे १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेत आलेल्या रिचर्ड वॉरनच्या आई-वडिलांच्या जागी, ‘अज्ञात’ असे लिहिले. इंटरनेटवर मात्र हीच वंशावळ थेट इंग्लंडमधील सरेच्या अर्लपर्यंत (अर्ल ही वंशपरंपरागत सरदारी पदवी) पोहोचलेली फुकट पाहायला मिळते. ‘जे सगळ्यांना सापडले, ते यांना सापडले नाही’ हे आपले वाक्य इतर लोकही वाचत असल्याने आम्ही येथेच सविस्तर उत्तर देत आहोत.

रिचर्ड वॉरनच्या आई-वडिलांची नावे सांगणारा एकही विश्वसनीय कागद आजवर पुढे आलेला नाही. त्यामुळे ती चौकट रिकामी ठेवणे हाच आमच्या शोधाचा निष्कर्ष आहे आणि आम्ही तो विचारपूर्वक लिहिला आहे.

वॉरन अमेरिकेत उतरल्यानंतरची माहिती कागदोपत्री स्पष्ट आहे. तो एकटा आला होता. पत्नी एलिझाबेथ आणि पाच मुली १६२३ मध्ये ‘ॲन’ जहाजाने आल्या, आणि नथॅनिएल व जोसेफ हे मुलगे प्लिमथमध्ये, म्हणजे मेफ्लॉवरच्या प्रवाशांनी मॅसॅच्युसेट्समध्ये वसवलेल्या वसाहतीत, जन्मले. १६२७ मध्ये वसाहतीतील गुरांची वाटणी झाली, तेव्हाच्या यादीत हे संपूर्ण कुटुंब नावांनिशी आले आहे. वॉरन १६२८ मध्ये वारला. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने १६५१ च्या सुमारास मेफ्लॉवरच्या प्रवाशांचा जो आढावा लिहिला, त्यात या पाचही मुलींची लग्ने झाल्याचे नमूद आहे. एलिझाबेथने पतीच्या मागे पंचेचाळीस वर्षे घर आणि जमीनजुमला सांभाळला. १६३७ मध्ये प्लिमथच्या न्यायालयाने वसाहतीच्या भागीदारांमध्ये तिला पतीच्या जागी मान्यता दिली. त्या काळात एका विधवेला असा हक्क मिळणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि आमच्या मते या घराण्यात अभिमानाने सांगण्यासारखी पहिली व्यक्ती तीच आहे. १६७३ मध्ये ती वारली, तेव्हा तिचे वय नव्वदीपुढे असल्याची नोंद आहे. आपल्या सासूबाईंची शाखा तिची मुलगी मेरी आणि जावई रॉबर्ट बार्टलेट यांच्यापासून निघते.

एलिझाबेथचे माहेर कोणते, हेही दीर्घकाळ ठाऊक नव्हते. जुन्या वंशावळींत तिला ‘जुएट’ घराण्यातील, मार्श नावाच्या कोणा गृहस्थाची विधवा म्हणून दाखवले जाई, आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात तेच उतरत राहिले. हर्टफर्डशायरमधील ग्रेट अ‍ॅमवेल येथे १४ एप्रिल १६१० रोजी रिचर्ड वॉरन आणि एलिझाबेथ वॉकर यांचा विवाह झाल्याची नोंद संशोधकांना माहीत होती. परंतु रिचर्ड आणि एलिझाबेथ ही त्या काळची इतकी सर्रास नावे होती, की केवळ एवढ्यावरून ते जोडपे हेच, असे म्हणण्याचे धाडस जाणत्यांनी केले नाही. अखेर २००२ मध्ये एडवर्ड डेव्हिस या संशोधकाला ऑगस्टीन वॉकर याचे एप्रिल १६१३ चे मृत्युपत्र सापडले. त्यात ‘रिचर्ड वॉरनची पत्नी, माझी मुलगी एलिझाबेथ’ असा उल्लेख आहे आणि तिच्या तीन मुलींची नावे मेरी, ॲन आणि सारा अशी दिली आहेत. प्लिमथच्या वॉरनच्या थोरल्या तीन मुलींची नावे हीच, आणि क्रमही हाच. नावे, काळ आणि नाती असे तिन्ही जुळल्यावरच एलिझाबेथच्या वडिलांची चौकट भरली गेली. आपल्या वंशवृक्षात ऑगस्टीन वॉकरचे नाव आम्ही याच आधाराने घातले आहे. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगतो.

स्वतः रिचर्डच्या बाबतीत असा दुवा नाही. १६२० च्या डिसेंबरात किनाऱ्याचा शोध घ्यायला निघालेल्या तुकडीच्या समकालीन वृत्तांतात त्याला ‘लंडनचा’ म्हटले आहे, आणि त्यावरून त्याचा जन्म लंडनचा असे अनेकजण गृहीत धरतात. परंतु त्याच ओळीत मेफ्लॉवरचा दुसरा एक प्रवासी स्टीफन हॉपकिन्स यालाही लंडनचा म्हटले आहे, आणि त्याचा बाप्तिस्मा १५८१ मध्ये हॅम्पशायरमधील अपर क्लॅटफर्ड या गावी झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. त्याआधी कित्येक वर्षे हॉपकिन्सचे मूळ ग्लॉस्टरशायरमधील वॉटन-अंडर-एजचे असल्याचे छापले जात होते, त्याच्या पहिल्या पत्नीचे नावही चुकीचे दिले जात होते, आणि असंख्य कुटुंबांनी ते आपापल्या वंशवृक्षांत उतरवून घेतले होते. त्या सर्वांना वरच्या पिढ्या पुसून काढाव्या लागल्या. आपल्या सासूबाईंवर तशी वेळ येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

आता सरेच्या अर्लविषयी. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकून तेथला राजा झालेल्या विल्यम द काँकररच्या बाजूने लढलेल्या विल्यम द वॉरेनकडे पुढे ही पदवी आली, आणि १३४७ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा अर्ल औरस संतती मागे न ठेवता वारला. तेथून रिचर्ड वॉरनपर्यंत अडीचशेहून अधिक वर्षे उरतात, आणि ती जोडणारा पुरावा इंटरनेटवरील एकाही वंशवृक्षात आम्हांला दिसला नाही. दिसले ते केवळ आडनावाचे साम्य. शिंदे आडनावाचे प्रत्येक घर ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एकच निराधार वंशवृक्ष शेकडो लोकांनी आपल्या खात्यावर उतरवून घेतला, तरी त्याचे शेकडो पुरावे होत नाहीत.

मग जन्माची नोंद का मिळत नाही, असा प्रश्न आपण विचारला आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतील विभागाने) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी असा आदेश १५३८ मध्ये निघाला होता, परंतु सुरुवातीच्या अनेक वह्या साध्या कागदाच्या होत्या आणि त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. ज्या टिकल्या, त्यांत रिचर्ड वॉरन नावाची मुले एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी एकाला निवडून प्लिमथच्या वॉरनच्या जागी बसवणे सोपे आहे, सिद्ध करणे मात्र अशक्य. डीएनए चाचणीने हा प्रश्न सुटेल, असेही आपल्याला कोणी सुचवले आहे. पुरुषवंशाची चाचणी वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या शाखेतच चालते. आपल्या सासूबाईंची शाखा मुलीकडून आलेली आहे, आणि चाचणीने दोन घराण्यांचे नाते दिसले तरी वडिलांचे नाव कागदातूनच मिळवावे लागते.

शुल्काबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मेरी बार्टलेटपासून आपल्या सासूबाईंपर्यंतचा प्रत्येक दुवा आम्ही जन्म-विवाहाच्या नोंदी, मृत्युपत्रे किंवा जमिनीचे दस्त पाहून जुळवला आहे आणि प्रत्येक नावापुढे त्याचा आधार लिहिला आहे. शुल्क या कामाचे होते, म्हणून ते परत करणे आम्हांला योग्य वाटत नाही. मात्र ती चौकट रिकामी का आहे हे समारंभात पाहुण्यांनाही कळावे, यासाठी ऑगस्टीन वॉकरच्या मृत्युपत्रातील संबंधित उताऱ्यासह एक पानाची टीप मराठी आणि इंग्रजीत तयार करून आम्ही आपल्याला विनामूल्य पाठवू. रिचर्डच्या आई-वडिलांचा शोध पुढे चालवायचा असल्यास लंडन आणि हर्टफर्डशायरमधील त्या काळची वॉरन आडनावाची मृत्युपत्रे पुन्हा तपासणे हा मार्ग आम्हांला दिसतो. पण यशाची खात्री देता येत नसल्यामुळे त्यासाठी आपण आत्ताच पैसे भरू नयेत, असा आमचा सल्ला आहे.

आपला,
संचालक, वंशावळ संशोधन सेवा, पुणे