रिव्ह्यूला उत्तर: "भलत्याच फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर टाकलं"

नमस्कार सर, 1 स्टार पाहिला. भलत्याच फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर टाकलं, पोर्ट्स (सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बनवायच्या तयार कृती) दोनदा इन्स्टॉल केले, एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं आणि 14 जीबी कचरा ठेवून गेले, असं तुम्ही लिहिलंय. कचरा आणि जास्तीचा दिवस मान्य, बाकीचं नाही.

सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या जागीच आहे, /यूएसआर/लोकल मध्ये. वेगळी होती ती फक्त बिल्डची, म्हणजे सोर्सवरून सॉफ्टवेअर बनवायची जागा. एरवी प्रत्येक पोर्ट स्वतःच्याच फोल्डरात 'वर्क' डिरेक्टरी काढून तिथे कंपाइल होतो, पण तुमच्या रूट डिस्कवर उरले होते 6 जीबी, तुम्हाला हवा तो ऑप्शन तयार पॅकेजमध्ये बंद असतो म्हणून सोर्सवरून करणं भाग होतं आणि त्यात डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे आधी लागणारं म्हणून, रस्ट (एका प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर) आलं, ते बिल्डला बसलं की डिस्क कशी खातं हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. म्हणून मेक डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाइलमध्ये वर्कडिरप्रीफिक्सची (वर्क फोल्डरं कुठे काढायची ते सांगणारी) एक ओळ टाकून काम /डेटा/बिल्ड कडे वळवलं. हा जुगाड नाही हो, पोर्ट्समध्येच दिलेली सोय आहे.

"दोनदा इन्स्टॉल" कुठून आलं तेही कळलं. या प्रीफिक्सपुढे पोर्टचा अख्खा पाथ जसाच्या तसा जोडला जातो, त्यामुळे तुम्हाला /डेटा/बिल्ड/यूएसआर/पोर्ट्स दिसलं. उघडून बघा, आत नुसती वर्क फोल्डरं आहेत.

जास्तीचा दिवस आमच्यामुळेच गेला. /डेटा 'नोएक्झेक' सेटिंगने माउंट (सिस्टिमला जोडलेलं) होतं, म्हणजे तिथे फाइल ठेवता येते पण चालवता येत नाही, आणि बिल्डमध्ये तर आत्ताच बनवलेली टूल्स लगेच चालवायची असतात. सुरू करण्याआधी माउंट बघायला हवं होतं, आमच्या पोराने बघितलं नाही, एरर आल्यावर शोधत बसला.

कचऱ्याचं असं की शेवटी मेक क्लीन (वर्क फोल्डरं साफ करणारी कमांड) मारायचं राहिलं आणि मेक डॉट कॉन्फमधली ती ओळ कशासाठी आहे हेही आम्ही कुठे लिहून दिलं नाही. मग तुमच्या माणसाने ती अनोळखी ओळ काढून मेक क्लीन मारलं, त्याने साफ काय होणार, क्लीन गेलं मूळ फोल्डरात आणि ढीग राहिला /डेटा वर. आता बिल्ड चालू नसताना /डेटा/बिल्ड सरळ उडवा, सॉफ्टवेअरला काही होत नाही. नाहीतर फोन करा, आम्ही करून देतो, आणि दुसऱ्या दिवसाचे पैसे बिलातून काढलेत.