जिमी लॉरेन्सला एका कॅपवर मोजू नका

स्कॉटलंडच्या जुन्या फुटबॉल गोलकीपरांचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. थर्ड लॅनार्क क्लबचा जिमी ब्राउनली, हार्ट्स आणि हिब्ज या क्लबांकडून खेळलेला हॅरी रेनी, आणि १९३१ मध्ये रेंजर्सविरुद्ध डोक्याला मार लागून त्याच रात्री गेलेला सेल्टिकचा जॉन थॉमसन. तिघंही मोठेच. पण जिमी लॉरेन्सचं नाव कुणी काढत नाही, आणि मी काढलं की उत्तर येतं, "त्याला देशाची एकच कॅप आहे हो."

एकच आहे, म्हणजे देशाकडून तो एकच सामना खेळला. म्हणून काय झालं?

ग्लासगोचा हा माणूस १९०४ साली इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेड क्लबला आला आणि १९२२ पर्यंत तिथेच राहिला. त्यातली चार वर्षं महायुद्धामुळे लीगच बंद होती. तरीही लीगचे ४३२ सामने, एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा धरून ४९६. शंभर वर्षं उलटून गेली, न्यूकॅसलमध्ये हा आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. १९०५, १९०७ आणि १९०९ अशी तीनदा लीग जिंकली तेव्हा गोलात हाच.

आता त्या काळातलं कीपिंग काय होतं ते बघा. मी कोल्हापुरात दहा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय. माझ्या मामांकडे एक जुना वादीचा चेंडू होता. आतल्या रबरी ब्लॅडरचं तोंड आत दाबायचं आणि वरून चामड्याची वादी आवळून बांधायची. एकदा पावसात आम्ही तो बाहेर काढला. अर्ध्या तासात चामडं पाणी पिऊन दगड झालं. जोरात आलेला एक फटका मी छातीवर घेतला, तर मनगटावर वादीचा वळ दोन दिवस होता. लॉरेन्सने असले चेंडू अठरा वर्षं अडवले. शिवाय चेंडू हातात असलेल्या कीपरला खांद्याने धडक देऊन पाडणं तेव्हा नियमात बसायचं. आज कीपरला नुसता धक्का लागला तरी शिटी वाजते.

नियमही पायाखालून सरकत होते. तो आला तेव्हा पेनल्टीला कीपर पुढे धावून येऊ शकत होता. १९०५ पासून त्याला गोलरेषेवरच थांबावं लागलं. १९१२ पर्यंत कीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घेता यायचा, त्यानंतर फक्त पेनल्टी बॉक्समध्ये. तिशीच्या आसपासच्या माणसाने सगळी सवय मोडून नव्याने उभं राहायचं, हे बोलायला सोपं आहे. त्यात न्यूकॅसलचा बचावपटू बिल मॅक्रॅकन म्हणजे ऑफसाइडच्या सापळ्याचा, ऐन वेळी पुढे सरकून समोरच्या फॉरवर्डला ऑफसाइड पकडण्याचा, उस्ताद. सापळा लागला तर टाळ्या मॅक्रॅकनला. हुकला तर मोकळ्या मैदानात सुसाट येणाऱ्या फॉरवर्डसमोर लॉरेन्स एकटा.

लोक मला ५ डिसेंबर १९०८ ची आठवण करून देतात. सेंट जेम्स पार्कवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, पक्के वैरी सुंदरलंड. हाफ टाइमला १-१. संपताना १-९. दुसऱ्या हाफमध्ये आठ गोल! तो दिवस मी नाकारत नाही. त्या आठ वेळा जाळीतून चेंडू काढायला वाकलेल्या माणसाचा विचार केला की माझ्या पोटात आजही कालवतं. पण त्या मोसमाचा तक्ता पूर्ण वाचा ना. न्यूकॅसलने ३८ सामन्यांत एकूण ४१ गोल खाल्ले. त्यातले नऊ त्या एका दुपारचे, म्हणजे उरलेल्या ३७ सामन्यांत फक्त ३२. आणि एवढा मार खाल्लेला संघ मोसमाअखेर लीगचा विजेता ठरला, सात गुणांनी पुढे राहून. नऊ गोलांचा दिवस सगळ्यांना पाठ आहे, ते ३२ कुणाला माहीत नाहीत. मला खरा राग याचा आहे.

कपचं दुखणं वेगळंच. अंतिम सामना तेव्हा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला व्हायचा आणि न्यूकॅसलला ते मैदान कधीच लाभलं नाही. १९०५, १९०६ आणि १९०८ असे तीन अंतिम सामने तिथे हरले. १९१० ला बार्न्सलीशी बरोबरी झाली म्हणून सामना पुन्हा गुडिसन पार्कवर झाला. तिथे २-० ने जिंकून एकदाचा कप हाती आला.

त्याच गुडिसन पार्कवर पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९११ ला, लॉरेन्सची ती एकुलती एक कॅप. समोर इंग्लंड. त्या काळी स्कॉटलंडचे वर्षाला साधारण तीनच सामने व्हायचे आणि गोलसाठी ब्राउनलीसारखे दावेदार हजर असायचे. इथे कॅपा मोजून माणूस कसा तोलायचा? सामना १-१ सुटला. लॉरेन्सला हरवून गेलेला गोल इंग्लंडच्या जिमी स्ट्युअर्टचा, म्हणजे न्यूकॅसलच्याच सोबत्याचा. शेवटच्या मिनिटांत स्कॉटलंडला बरोबरी साधून दिली सँडी हिगिन्सने, तोही न्यूकॅसलचाच. लॉरेन्सला देशाकडून पुन्हा बोलावणं आलं नाही.

तीन आठवड्यांनी हे तिघं एकाच जर्सीत क्रिस्टल पॅलेसला उतरले, ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध कपचा अंतिम सामना खेळायला. त्या नकोशा मैदानावर लॉरेन्सने एकही गोल होऊ दिला नाही. ०-०. चार दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा खेळले आणि एका गोलने हरले.