ते ऐंशी कॉलम डिलीट मारू नका रे

सोलापुरातल्या स्टॅटच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय, मला एकट्यालाच तिघांनी पाठवला. म्हणे सर्व्हेच्या फाइलीत मेन वेट (एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा) सोडून जे ऐंशी रेप्लिकेट वेट, म्हणजे त्याच वेटच्या थोड्या हलवलेल्या कॉप्या, असतात ते उडवा, फाइल हलकी होते, उत्तर तेच येतं, एरर (उत्तर किती इकडेतिकडे होऊ शकतं ते) सॉफ्टवेअर देतंच, आणि त्या वेटमध्ये मायनस आकडे पण असतात म्हणजे डेटाच गंडलेला.

उत्तर तेच येतं? येणारच की. टक्केवारी मेन वेटनेच काढायची असते, त्यावर भांडणच नाही. ते कॉलम उत्तरासाठी नसतातच, सॅम्पल थोडं वेगळं पडलं असतं तर उत्तर किती हललं असतं ते बघायला असतात.

एरर सॉफ्टवेअर देतंच, हे मात्र जास्त डेंजर आहे. नुसतं वेट दिलं की सॉफ्टवेअर समजतं प्रत्येक घर गावभरातून सुटं सुटं उचललंय. आता सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, जाऊन बघा, एका घरात बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली, शेजारी तेच, पलीकडे पण तेच, मग वीस घरं विचारली म्हणून वीस नवीन गोष्टी कळल्या का? समजा 25 वस्त्या, प्रत्येकी 20 घरं, एकूण 500, आणि एकाच वस्तीतल्या घरांमधलं साम्य 0.1 धरलं (हे आपलं हिशोबापुरतं), तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे असं गठ्ठ्याने सॅम्पल घेतल्यामुळे व्हेरियन्स (एररचा वर्ग) किती पट वाढतो ते, 1 + 19 × 0.1 म्हणजे 2.9. तुमची 500 घरं प्रत्यक्षात 172 घरांच्या लायकीची. 50 टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला सॉफ्टवेअर ±4.4 सांगेल, खरं निघतं ±7.5.

यावर कुणीतरी म्हणणार, मग वस्तीचा नंबर द्या की सॉफ्टवेअरला. द्या ना, असेल तर. पब्लिक फाइलीत तो बऱ्याचदा काढलेला असतो, कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून, आणि म्हणून तर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेवाले (तिकडच्या सरकारचा घरोघरचा सर्व्हे) 80 वेट देतात. प्रत्येक वेटने उत्तर पुन्हा काढायचं, मेन उत्तरातून वजा, वर्ग, सगळ्यांची बेरीज, आणि मग 4/80 ने गुणायचं, तो झाला व्हेरियन्स, त्याचं वर्गमूळ म्हणजे एरर. त्या 4 वर सगळे आपटतात, मी पण आपटलोय, पहिल्यांदा एक्सेलमध्ये ऐंशी उत्तरांवर सरळ एसटीडीईव्ही (स्टँडर्ड डेव्हिएशनचा फॉर्म्युला) मारलं आणि एरर निम्मीच आली, मी खूश! कारण असं की ते वेट साधारण 1, 1.7 नाहीतर 0.3 ने गुणून बनवतात, हलवाहलव मुद्दाम निम्मीच ठेवतात, वर्ग केला की पाव उरते, म्हणून चारने गुणून परत आणायची. हा 4 दुसऱ्या सर्व्हेला लावू नका, रेप्लिकेट वेट बनवायच्या दुसऱ्या पद्धती पण असतात, साध्या बीआरआरमध्ये त्या वर्गांची नुसती सरासरी असते, जॅकनाइफचं अजून वेगळं, फाइलीसोबतचं डॉक्युमेंट वाचा.

मायनस आकडे असतात, खरंय. त्या अमेरिकन सर्व्हेत काही रेप्लिकेट वेट शून्य किंवा मायनस निघतात, त्यांच्याच डॉक्युमेंटमध्ये ते चालतं म्हणून लिहिलंय. त्या वेटने कुणी माणसं मोजत नाही, फक्त फरक मोजतात. 'साफ' करायला शून्य टाकलं की व्हेरियन्स बिघडला.

आणि मेसेजच्या शेवटी ते 'हे अमेरिकन नखरे आहेत' लिहिलंय त्याचं जरा हसू आलं. आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, त्यांनी 1930च्या दशकात बंगालच्या पीक-सर्व्हेत हेच केलं होतं, एकाच भागाची दोन वेगळी सब-सॅम्पल घ्यायची आणि दोन उत्तरांतल्या फरकावरून चूक ओळखायची, फरकाचा वर्ग भागिले चार, झाला व्हेरियन्स. एनएसएसने (भारत सरकारचा नॅशनल सॅम्पल सर्व्हे) पण तेच उचललं. 2011-12च्या 68व्या राउंडची फाइल ज्यांनी उघडलीय त्यांना आठवेल, मल्टिप्लायरला (तिथलं वेट) कुठे 100 ने भागायचं, कुठे 200 ने. ते 200 जिथे येतं तिथे दोन सब-सॅम्पल असतात, म्हणून अजून दोनने भागायचं, म्हणजे मेसेज बनवणाऱ्याने पण ते कधीतरी वापरलं असणार, फक्त पाठ करून.