सही घेतली म्हणून कामगाराचा कंत्राटदार होत नाही

"पगारी माणसं ठेवू नका, सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टर करा. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, कटकट नाही." छोट्या धंदेवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा मावसभावाने तोच पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, सोमवारी सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकू का?" म्हणून हा खटाटोप. त्याच्याकडे धड 20 माणसंही नाहीत, म्हणजे पीएफ त्याला सक्तीचा नाहीच. नसलेला खर्च वाचवायला निघालाय गडी!

मेसेजचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: करारात 'मी स्वतंत्र कंत्राटदार आहे, कर्मचारी नाही' असं लिहून सही घ्या, मग कोर्टही काही करू शकत नाही. धादांत खोटं, आणि जवळजवळ सत्तर वर्षं खोटं. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा खटला सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली निकाली काढला. वाद होता मिठागरात राबणाऱ्या आगरियांचा. कंपनीचं म्हणणं वरवर पटण्यासारखंच होतं: यांना कामाचे तास नाहीत, हजेरीपट नाही, मीठ निघेल तितक्या मणांचे पैसे, शिवाय हे स्वतःच्या खर्चाने हाताखाली मजूर लावतात. एवढं असूनही ते कामगारच ठरले, कारण कामावर देखरेख आणि हुकूम कंपनीचा होता. काय करायचं एवढंच नाही, ते कसं करायचं हे सांगण्याचा हक्क कोणाकडे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याकडे विचारला जातो. 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात शिंप्यांचंही तेच झालं. पैसे कपड्यागणिक, दिवसभर बसायचं बंधन नाही. पण मशिनं दुकानाची आणि शिवण पसंत नसेल तर पुन्हा शिवायला लावायचा हक्क मालकाचा. निकाल: कर्मचारी. आता नुसत्या देखरेखीवर भागत नाही हे खरं. हत्यारं कोणाची, नफातोटा कोणाचा, माणूस धंद्याचाच भाग झालाय का, असं सगळं मिळून न्यायालयं पाहतात.

आता भावाकडचा प्रकार बघा. साडेनऊला हजेरी, लॅपटॉप त्याचा, रजा त्याला विचारून, दुसऱ्याचं काम घ्यायला मनाई. अशा माणसाची स्टॅम्पपेपरवर सही घेऊन मिळणार काय? उद्या वाद झालाच, तर मालकाने जाणूनबुजून कायदा चुकवला हे दाखवायला तोच कागद समोरच्या वकिलाच्या कामी येईल.

"पगाराऐवजी बिल घ्या, 10 टक्के टीडीएस कापा, झाला तो कन्सल्टंट." नाही होत. कर कुठल्या खात्यात कापला ते आयकराचं झालं, नातं त्यावरून ठरत नाही.

"19 जण पगारावर ठेवा, बाकीचे कंत्राटावर, पीएफवाले फिरकणारही नाहीत." पीएफच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही येतो, हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं, किंवा माहीत असून दडवलं असावं. प्रकरण उघडं पडलं की मालकाचा आणि कामगाराचा असे दोन्ही हिस्से मालकाच्या अंगावर येतात, कारण मागची वर्गणी पुढच्या पगारातून कापून घेता येत नाही. वर 12 टक्के व्याज, आणि दंड वेगळा.

नोटिशीशिवाय काढता येतं, हा मुद्दा पहिल्यासोबतच पडतो: माणूस कामगार ठरला की महिन्याची नोटीस आणि भरल्या वर्षामागे 15 दिवसांचा पगार आलाच. नव्या कामगार संहितांनी मोकळीक दिली म्हणे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या त्या संहितांनी उलट ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी दिली आहे.

यातला सगळ्यात घाणेरडा मुद्दा मात्र वेगळाच: "सगळ्या बायका कॉन्ट्रॅक्टवर असल्या की छळाच्या तक्रारींची समिती नेमावी लागत नाही." हे लिहिणाऱ्याच्या हाताखाली कोणी काम करत असेल तर त्यांची काळजी वाटते. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यातली 'कर्मचारी' ही व्याख्या मुद्दामच ऐसपैस आहे. तात्पुरती, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, बिनपगारी प्रशिक्षणार्थीसुद्धा तिच्यात बसते. 10 किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच.

खरं आहे तेवढं कबूल करतो. जो स्वतःच्या साधनांनी, स्वतःच्या वेळेत, चार गिऱ्हाइकांचं काम करतो, त्याला पीएफ-ग्रॅच्युइटी द्यावी लागत नाही. वेबसाइट बनवून देणारा, हिशेब तपासणारा सीए हे खरेखुरे कंत्राटदार. भावाने त्यांच्याशी खुशाल करार करावा.

पण तिथेही मेसेजचा शेवटचा दावा आडवा येतो: "कॉन्ट्रॅक्टरने केलेलं काम आपोआप तुमच्या मालकीचं." कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कोड किंवा मजकुराच्या बाबतीत ही सोय नोकरीत असलेल्यांपुरती आहे. स्वतंत्र माणसाने लिहिलेला कोड किंवा मजकूर, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊनही त्याचाच राहतो. हक्क लेखी घ्यावे लागतात. आणि त्या लेखात मुदत टाकायची राहिली तर कायदा ती 5 वर्षंच धरतो.