खुर्दा किती गेला

मे २०२५. पहलगामला २६ माणसं मारली गेली त्याला पंधरा दिवस झाले होते. ७ तारखेला देशभर मॉक ड्रिल होती आणि यादीत आमचं ग्वाल्हेरही होतं. संध्याकाळी दिवे मालवून आम्ही गॅलरीत उभे. आई म्हणाली, "एकाहत्तरला खिडक्यांना काळे कागद लावले होते. खळ मीच शिजवली होती." तेवढ्यात सायरन सुरू झाला. चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. खोटं कशाला बोलू, त्याच्यामागून हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांची, टिकटिक येईल म्हणून माझे कान टवकारले. तीस वर्षांची वाईट सवय.

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश मेटल बँडचं 'वॉर पिग्ज' ऐकलेल्यांना कळलं असेल. नसेल ऐकलं तर सांगतो. १९७० चा 'पॅरानॉइड' अल्बम, त्यातलं हे पहिलं गाणं, जवळजवळ आठ मिनिटांचं. आधी हत्तीच्या चालीने येणारी गिटार, तिच्यावर चढत जाणारा हवाई हल्ल्याचा सायरन. मग सगळं थांबतं. उरते नुसती टिकटिक, मध्येच गिटारचे दोन घाव, आणि त्या मोकळ्या जागेत गायक ऑझी ऑस्बॉर्नचा तो चिरका आवाज. आमचे काका जन्मभर तबला वाजवत आले, ते मेटलला 'डबे पडले' म्हणायचे. हे गाणं मात्र एकदा शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "हा ड्रमवाला पोरगा शहाणा आहे. कुठे वाजवायचं नाही ते त्याला कळतं." तानसेनाच्या गावात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

गाणं व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. ब्रिटनने तिथे सैन्य पाठवलं नव्हतं, तरी आपल्यालाही ओढतील ही धास्ती तिथल्या तरण्या पोरांना होतीच. शब्द लिहिले बँडमधल्याच गीझर बटलरने. सेनापती चेटकिणींसारखे जमतात, पुढारी युद्ध पेटवून लपून बसतात, लढायला मात्र गरिबाला पाठवतात, असा एकूण मजकूर. आधी अल्बमचंच नाव 'वॉर पिग्ज' ठेवायचं होतं. रेकॉर्ड कंपनीने बदलायला लावलं. त्यामुळे कव्हरवर ढाल-तलवारवाला माणूस तसाच राहिला आणि 'पॅरानॉइड' या नावाशी त्याचा काय संबंध, हे कोडं मला कॉलेजभर सुटलं नव्हतं.

लिहिणारे-वाजवणारे कोण होते, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कारखान्याच्या धुरात वाढलेली पोरं. जर्मन बाँबने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत खेळलेली. ऑझीने कसाईखान्यात काम केलेलं. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला बसला. म्हणजे 'गरिबाला पाठवतात' हे वाक्य ज्यांना पाठवलं गेलं असतं, त्यांच्यातल्याच एकाने लिहिलंय.

तर त्या रात्री मी हे गाणं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत आतेभाऊ उगवला: "दादा, ही वेळ आहे का?" मागोमाग तिरंगे. एका वहिनींनी रागाचा इमोजी टाकला आणि पाठोपाठ गुड नाइटचा गुलाब.

माझं म्हणणं असं की वेळ हीच आहे. शांततेच्या काळात युद्धविरोधी गाणं कोणीही ऐकेल. आणि हे गाणं सैनिकाविरुद्ध नाही. सैनिकाची मोजदाद करा, एवढंच ते म्हणतं.

आपल्याला, निदान ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला, हे कळायला बर्मिंगहॅमला जायची गरजच नाही. पानिपतानंतर पेशव्यांना पोचलेला तो सांकेतिक निरोप सगळ्यांना तोंडपाठ असतो: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे शाळेत शिकवतात. खुर्दा म्हणजे कोण, हे कोणी विचारत नाही. खुर्दा म्हणजे आपण. ग्वाल्हेरातला आमचा 'लष्कर' नावाचा भाग म्हणजे मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ. १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि उठलाच नाही. कंपू नावाचा मोहल्ला कवायती पलटणींचा. इथल्या बहुतेक मराठी घरांचा मूळपुरुष कोणाच्या तरी पागेत, नाहीतर कोणाच्या तरी दफ्तरात चाकरीला होता. पानिपतावरून जखमी महादजींना बैलावर घालून बाहेर काढलं ते राणेखानाने. पाणी वाहणारा भिश्ती! पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं म्हणून नाव तरी उरलं.

मी काही अहिंसेचा पुजारी नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटसाठी मिराज विमानं इथूनच उडाली, हे कळलं तेव्हा माझीही छाती फुगली होती. पहलगामनंतर गप्प बसायला हवं होतं, असंही मी म्हणत नाही. गाणंही सगळीकडे खरं नाही. आपल्याकडे युद्ध सुरू करायचं की नाही हे सेनापती ठरवत नाहीत, त्यांना चेटकिणींच्या रांगेत बसवणं अन्याय आहे. आणि शेवटी न्यायाच्या दिवशी युद्धखोर गुडघ्यांवर रांगत माफी मागतात, ते तर मला भाबडंच वाटतं. रांगताना कोणाला पाहिलंय?

पण त्या आठवड्यातला टीव्ही आठवा. स्टुडिओत बसून, पावडर लावून, मागे सायरन वाजवत अर्धं पाकिस्तान जिंकणारे लोक. शेवटी १० मे रोजी सरकारला चॅनेलांना सांगावं लागलं की कार्यक्रमांत सायरनचा आवाज वापरू नका, लोक खऱ्या सायरनकडे दुर्लक्ष करतील. सॅबथने सायरन घातला तो अंगावर काटा यावा म्हणून. यांनी घातला तो चॅनेल बदलू नये म्हणून.

आणि पहाटे शेजारच्या भिंड-मुरैनाच्या रस्त्यांवरून जाऊन बघा. धुक्यात पोरं पळताना दिसतात, काही अनवाणी, सैन्यभरतीसाठी. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम. तरी पळतात. त्यातल्या एकाचेही काका स्टुडिओत बसत नाहीत.

आमच्या खाली एक निवृत्त सुभेदार राहतात, भिंडचे. ऑझी जुलैमध्ये गेला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला बर्मिंगहॅमला शेवटचा कार्यक्रम झाला होता, तोही सॅबथने याच गाण्याने सुरू केला होता. ऑझी गेल्याचं कळलं त्या रात्री मी जरा मोठ्यानेच लावलं. सुभेदारसाहेब वर आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी विचारलं, हे काय म्हणतोय? मी मोडक्यातोडक्या हिंदीत अर्थ सांगितला. थोडा वेळ थांबून म्हणाले, "लिखने वाला फौजी था?"

"नहीं, कारखाने वाले लड़के थे।"

"हूँ," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. "शुरू से लगाओ। आवाज़ थोड़ी कम।"