गुठळी चोळून विरघळत नाही

“एका पायाला सूज आलीय? पोटरी दुखतेय? रक्त गोठलंय. गरम तेल लावून खालून वर जोरात चोळा, गुठळी विरघळते. रक्त पातळ करायची गोळीही गुठळी विरघळवते. दुर्लक्ष केलं तर गुठळी थेट मेंदूत जाते. हा त्रास साठीनंतरच होतो. आणि सलाईनमधून हवेचा एक बुडबुडा गेला तरी माणूस जागच्या जागी जातो.”

हा निरोप मला महिन्याभरात चार जणांनी पाठवला. ‘खरं आहे का गं?’ एवढंही कुणी विचारलं नाही.

चोळण्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाय चोळणं हा माझ्या कामाचाच भाग. पण एकच पाय सुजलेला माणूस समोर आला की माझा हात आधी मोजपट्टीकडे जातो. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीवर हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त निघाला, तर मी त्या पायाला हात लावत नाही, डॉपलर तपासणीला (शिरेतलं रक्त कसं वाहतंय हे दाखवणाऱ्या सोनोग्राफीला) पाठवते. (फरक कमी निघाला म्हणजे गुठळी नाहीच, असंही नाही.) खोल शिरेतली ताजी गुठळी मऊ, लांबट असते. एक टोक शिरेच्या भिंतीला धरून, बाकीची रक्तात लोंबकळत. वरून दाबलं तर ती विरघळत नाही, सुटू मात्र शकते. सुटलेली गुठळी वाहत जाऊन दुसरीकडे अडकली, की त्यालाच एम्बोलिझम म्हणायचं. मालिशनंतर असं झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. चालण्याचं वेगळं. औषध सुरू झालं की बहुतेकांना डॉक्टर स्वतःच चालायला सांगतात.

आता मेंदूचं. पायातली शीर पुढे मोठ्या शिरेला मिळते, ती आणखी मोठ्या शिरेला, आणि शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूला. वाट रुंदच होत जाते, म्हणून गुठळी मध्ये कुठे अडत नाही. उजवीकडून रक्त फुफ्फुसात जातं आणि तिथे नळ्या पुन्हा अरुंद होऊ लागतात. गुठळी बसते ती तिथे. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी ही वाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिली होती, एम्बोलिझम हा शब्दही त्यांनीच रूढ केला. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा, कमी दाबावर काम करणारा. समोरची वाट मोठ्या गुठळीनं बंद झाली की तो फुगतो, डावीकडे पुरेसं रक्त पोचत नाही आणि रक्तदाब कोसळतो. मेंदूत जाणारी गुठळी बहुधा हृदयाच्या डाव्या बाजूला किंवा मानेच्या धमनीत तयार झालेली असते. अपवाद आहे: साधारण चारातल्या एका माणसात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र पूर्ण मिटलेलं नसतं, त्यातून क्वचित पायातली गुठळी डावीकडे जाऊ शकते.

‘रक्त पातळ करायची गोळी’ या नावानंच घोटाळा केलाय. हेपारिन, वॉर्फरिन, अपिक्साबॅन ही औषधं रक्त पातळही करत नाहीत आणि असलेली गुठळी विरघळवतही नाहीत. ती गुठळी वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत. विरघळवण्याचं काम तेवढ्या वेळात शरीर स्वतः करतं. खरोखर विरघळवणारं औषध वेगळं, अल्टेप्लेजसारखं. ते दवाखान्यातच देतात, कारण त्यानं मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या डब्यातली गोळी घेऊ नका.

साठीची अट? गरोदरपण, बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, मोठं ऑपरेशन, पायाला प्लॅस्टर, कर्करोग, तासन्‌तास बसून प्रवास. यातलं काहीही पंचविशीतही घडतं. वयाबरोबर धोका वाढतो, एवढंच खरं.

बुडबुड्याच्या भीतीनं रात्रभर नळीकडे बघत बसलेले नातेवाईक मी पाहिलेत. हाताच्या शिरेतून गेलेले बारीक बुडबुडे फुफ्फुसात अडकतात आणि तिथेच शोषले जातात. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतायला एकदम २०० ते ३०० मिलिलिटर हवा जावी लागते, असा अंदाज आहे. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी उघडी राहिली तर मात्र हवा वेगानं आत ओढली जाते. हवा धमनीत शिरली तर थोडीशीही पुरते. बुडबुडा किती मोठा, यापेक्षा तो कुठे शिरला, हे बघावं लागतं.

एवढ्या लांबलचक निरोपात धाप लागण्याचा उल्लेखच नाही, याचा मला सगळ्यात राग आला. अचानक लागलेली धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, भोवळ, कारण नसताना धडधड. पाय दुखत नसला तरी यातलं काही झालं, तर तेलाची बाटली शोधू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.